शाळेची शिल्लक आणि चर्चचे गळके छप्पर : पॅरिशचे पैसे कोणत्या खिशातले?

कौलारू (धागालेखक)

पुण्याच्या पूर्व भागातील एका जुन्या कॅथलिक पॅरिशचा (एका चर्चभोवतीच्या श्रद्धावंत समूहाचा) मी सभासद असून या ईस्टरनंतर फादरांनी मला अर्थसमितीवर घेतले आहे. माझा आयुष्यभराचा व्यवसाय छपाईचा. त्यामुळे मजकूर किती कागदावर बसेल हे मला चटकन कळते, परंतु ताळेबंद मात्र अजून ओळीवर बोट ठेवूनच वाचावा लागतो. पॅरिशचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याशी माझा मतभेद आहे ती सर्व मंडळी रविवारी माझ्याच बाकावर बसतात.

आमच्या एकाच आवारात मंगळुरी कौलांचे चर्च, फादरांचे निवासस्थान, एक हॉल, इंग्रजी माध्यमाची विनाअनुदानित शाळा आणि तिच्या मागे मराठी माध्यमाची अनुदानित शाळा आहे. गेल्या पावसाळ्यात संत योसेफाच्या वेदीवर पाणी ठिबकू लागले आणि सप्टेंबरपर्यंत डाव्या बाजूच्या बाकांमध्ये बादल्या ठेवून मिस्सा (चर्चमधली उपासना) चालली. कंत्राटदाराने संपूर्ण छपराच्या कामाचा ३१ लाख रुपयांचा अंदाज दिला आहे, आणि पॅरिशच्या खात्यात नाताळचे कलेक्शन धरूनही ९ लाखांच्या वर रक्कम नाही.

समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी बैठकीत सुचवले की इंग्रजी शाळेकडे शिल्लक आहे, आवार एकच आहे आणि दोन्हीकडे सही फादरांचीच चालते, तेव्हा या खिशातले त्या खिशात घालायला कोणाची हरकत असावी? बहुतेकांनी माना डोलावल्या. मला ते पटले नाही. पण का पटले नाही, हे मला तिथे उभे राहून सांगता आले नाही. शाळेची शिल्लक छपराला लावणे कायद्याने आणि चर्चच्या स्वतःच्या नियमांनी चालते का, चालत नसेल तर उरलेली रक्कम उभी कशी करावी, आणि अशा बाबतीत शेवटचा शब्द नेमका कोणाचा असतो, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

हिशेबनीस

धागालेखकांची शंका रास्त आहे. मी पुण्यातील काही धर्मादाय संस्थांचे लेखापरीक्षण करतो, त्यात दोन पॅरिशही आहेत, आणि ‘आवार एकच आहे’ हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. आवार एक असले तरी मालक एक असतोच असे नाही.

प्रथम चर्चचाच नियम पाहू. १९८३ च्या कॅनन संहितेनुसार पॅरिश ही स्वतंत्र विधिमान्य व्यक्ती, म्हणजे स्वतःच्या नावे मालमत्ता धारण करू शकणारी संस्था आहे (कलम ५१५), आणि मालमत्ता जिने कायदेशीररीत्या मिळवली त्या विधिमान्य व्यक्तीचीच ती असते (कलम १२५६). तुमची शाळा बहुधा धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अखत्यारीतील विभागाच्या) किंवा एखाद्या धर्मसंघाच्या शिक्षणसंस्थेच्या नावे नोंदलेली असेल. म्हणजे शाळेचे व्यवस्थापक म्हणून सही करणारे फादर आणि पॅरिशचे प्रमुख धर्मगुरू म्हणून सही करणारे फादर हे माणूस म्हणून एक असले, तरी दोन वेगवेगळ्या तिजोऱ्यांचे राखणदार आहेत.

आता राज्याचा कायदा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार विश्वस्त संस्थेचा पैसा तिच्या उद्दिष्टांसाठीच खर्चावा लागतो, आणि शिक्षण हे उद्दिष्ट असलेल्या संस्थेला पूजास्थानाचे छप्पर घालता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात विनाअनुदानित संस्थांना वाजवी शिल्लक राखण्याची मुभा दिली. परंतु ती शिल्लक संस्थेच्या शैक्षणिक विकासासाठी आणि विस्तारासाठी आहे, नफेखोरीसाठी नव्हे. अल्पसंख्याक म्हणून घटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने मिळालेला अधिकार शाळा स्थापण्याचा आणि चालवण्याचा आहे. त्या अधिकाराच्या आडून फीचा पैसा इतरत्र वळवता येईल असा समज काही ठिकाणी मी पाहिला आहे, आणि तो महागात पडतो.

‘मग शाळेने चर्चला उसने द्यावे’ असा पुढचा प्रस्ताव हमखास येईल, म्हणून त्याचेही उत्तर आताच देतो. विश्वस्त संस्थेने पैसा कोठे गुंतवावा याची चौकट याच अधिनियमाच्या ३५ व्या कलमात आहे, आणि कर्ज घ्यायचे असल्यास ३६ अ कलमान्वये धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे देणाराही अडतो आणि घेणाराही.

शेवटचा शब्द कोणाचा, याविषयी. कॅनन संहितेनुसार पॅरिशच्या सर्व कायदेशीर व्यवहारांत प्रतिनिधित्व प्रमुख धर्मगुरूंकडे असते (कलम ५३२). पॅरिश कौन्सिलचे मत सल्ल्यापुरते असते (कलम ५३६). अर्थसमिती मात्र प्रत्येक पॅरिशमध्ये असलीच पाहिजे (कलम ५३७). तिचे कामही फादरांना साहाय्य करण्याचेच आहे, तरी ती ऐच्छिक नाही. नेहमीच्या कारभाराबाहेरचा मोठा खर्च असेल तर बिशपांची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते (कलम १२८१), आणि ३१ लाख रुपये हा तुमच्या पॅरिशसाठी नेहमीचा खर्च नव्हे. थोडक्यात, शेवटचा शब्द समितीचा नाही आणि एकट्या फादरांचाही नाही.

आणखी एक विचारतो. तुमच्या त्या ९ लाखांत उपवासकाळातील कलेक्शन, ऑक्टोबरमधील मिशन रविवारचे कलेक्शन आणि जूनअखेरचे पोपमहोदयांसाठीचे कलेक्शन मिसळलेले नाही ना? ते पैसे पॅरिशकडे केवळ मुक्कामाला असतात. विशिष्ट कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी वापरावे, असे १२६७ वे कलम स्पष्ट सांगते.

कौलारू

हिशेबनीस, आपले मनःपूर्वक आभार. आपला प्रतिसाद वाचून काल रात्री वही उघडून बसलो. ९ लाखांपैकी १ लाख ४० हजार रुपये मुक्कामालाच आहेत, आणि ६५ हजार रुपये गरिबांना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे आहेत, जे कोणीतरी सोयीसाठी मुख्य खात्यात ठेवले होते. आता आमच्याकडे ९ नव्हे, ६ लाख ९५ हजार आहेत.

निवृत्त बाई

मी पुण्यातीलच एका मिशनरी शाळेत एकतीस वर्षे शिकवले आणि त्यातील शेवटची सात वर्षे मुख्याध्यापिका होते. हिशेबनीसांचे म्हणणे कायद्याच्या अंगाने अचूक आहे. मला शाळेच्या आतून दिसणारी बाजू मांडायची आहे.

शाळेची जी ‘शिल्लक’ दिसते ती मार्चमधली असते. जून उजाडला की त्याच पैशांतून प्रयोगशाळा, स्वच्छतागृहांची दुरुस्ती, अग्निशमन यंत्रणेची तपासणी आणि शिक्षकांचे पगार भागवायचे असतात, कारण फी तीन हप्त्यांत आणि रडतखडत जमा होते. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार फीवाढीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. आमच्या शाळेत निम्म्याहून अधिक मुले ख्रिस्ती नव्हती. कोंढव्याची, हडपसरची, रिक्षाचालकांची, आयटीत काम करणाऱ्यांची अशी सर्व प्रकारची होती. त्या पालकांपुढे उभे राहून ‘तुमच्या फीतून चर्चची कौले बदलली’ असे मी कोणत्या तोंडाने सांगितले असते? त्यांनी मुलाला सिस्टरांच्या हाती दिले ते विश्वासाने, आणि कॅथलिक शाळेचे नाव पुण्यात टिकले आहे ते त्या विश्वासावर.

मात्र खरा गुंता मोठ्या रकमांत नसून रोजच्या छोट्या खर्चांत असतो, आणि तो उलट्या दिशेनेही जातो. आमच्याकडे पहारेकरी शाळेच्या पगारपत्रकावर होता, पण रविवारी सकाळपासून तो चर्चच्या फाटकावर गाड्या लावून घेत असे. बोअरवेलचा पंप शाळेच्या मीटरवर आणि पाणी मात्र फादरांच्या घरापासून बागेपर्यंत सर्वत्र. दुसरीकडे शाळेचे स्नेहसंमेलन, दहावीचा निरोपसमारंभ आणि पालकसभा हॉलमध्ये फुकट होत असत आणि त्या दिवशीचे हॉलचे उत्पन्न पॅरिश सोडून देत असे. मी मुख्याध्यापिका झाल्यावर एका वर्षासाठी हे सर्व लिहून काढले, तेव्हा कोण कोणाला पोसते आहे याविषयीचे आवारातले सर्व समज चुकीचे निघाले. त्यानंतर आम्ही स्वतंत्र मीटर बसवले, पहारेकऱ्याचा पगार दिवसांच्या प्रमाणात विभागला आणि हॉलच्या वापराचे दर लेखी ठरवले. हे कामही एका उन्हाळ्याच्या सुटीत झाले नाही; दोन फादर बदलले, तेव्हा कुठे पूर्ण झाले.

धागालेखकांच्या आवारातील मराठी शाळेविषयी मात्र मला काळजी वाटते. इंग्रजी शाळेच्या शिलकीवर सर्वांची नजर असते, पण अनुदानित मराठी शाळेला वेतन अनुदान मिळाले तरी फळे, बाके, छप्पर यांसाठी हाती फारसे काही राहत नाही. उचलायचीच असेल तर शिक्षणसंस्थेने आपली शिल्लक आधी त्या शाळेसाठी उचलावी. ते तिच्या उद्दिष्टात बसते.

मूळची नगरची

बाईंचे शेवटचे वाक्य वाचून लिहावेसे वाटले. आमचे कुटुंब राहुरी तालुक्यातून पुण्यात आले ते १९७८ साली. तेव्हा नगर जिल्हा पुणे धर्मप्रांतातच होता. नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत १९८७ मध्ये झाला. त्यामुळे आम्हांला पुण्यात येऊन धर्मप्रांत बदलावा लागला नाही, पण मिस्सेची भाषा मात्र बदलावी लागली. गावाकडे सर्व काही मराठीत होते आणि इथे मराठी मिस्सा दुपारी किंवा अगदी पहाटे, जी वेळ दुसऱ्या कोणाला नको असेल ती. आजही हरेगावच्या मतमाउलीच्या (मरिया मातेच्या) यात्रेला पुण्याहून गाड्या भरून माणसे जातात, त्यामागे भक्ती तर आहेच. पण आपल्या भाषेत मोठ्याने गाता येण्याचा आनंदही आहे.

हे विषयांतर नाही. पॅरिशमध्ये पैसा उभा करायचा म्हटले की यादी काढली जाते ती इंग्रजी मिस्सेला येणाऱ्या, गोव्या-मंगळूरकडच्या नोकरदार कुटुंबांची. आमच्या लोकांकडे लाख रुपये नसतात, असे धरून चालतात, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु आमच्यात गवंडी आहेत, सुतार आहेत, रंगारी आहेत, वायरमन आहेत. आमच्या पॅरिशमध्ये दफनभूमीची भिंत पडली तेव्हा मराठी समूहातील चौदा पुरुषांनी सात रविवार काम करून ती उभी केली, आणि नंतरच्या अहवालात ‘किरकोळ दुरुस्ती, खर्च नाही’ एवढीच नोंद आली. खर्च नव्हता हे खरे. पण कामही नव्हते का? अर्थसमितीने श्रमदानाची किंमत वेगळ्या पानावर लिहावी, कोणी किती दिवस दिले ते नावानिशी लिहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

सेवाकार्यांविषयी थोडे. वाचक, वेदीसेवक, गायनवृंद, आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेणारे सेवक, धर्मशिक्षक यांना पॅरिशच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ क्वचितच असते. धर्मशिक्षणाच्या वह्या आम्ही घरच्या पैशांतून आणतो. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही पदे विधिपूर्वक स्त्रियांनाही खुली केली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाच्या सेवेलाही औपचारिक स्थान दिले. छपरासाठी मोहीम काढताना पहिली कात्री या वह्यांना लागू नये, एवढेच सांगायचे आहे. आणि व्हिन्सेंट डी पॉलच्या ६५ हजारांना कोणीही हात लावू नये. ते गरिबांच्या किराण्याचे आणि औषधांचे पैसे आहेत.

सागवानी

मी स्थापत्य अभियंता आहे आणि कौलारू छपरे हा माझा आवडीचा विषय आहे. ३१ लाखांचा अंदाज कंत्राटदाराने दिला, म्हणजे ज्याला काम मिळणार आहे त्यानेच रोग ठरवला. आधी स्वतंत्र संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्या. तीस वर्षे उलटलेल्या इमारतींची अशी तपासणी महानगरपालिकेच्या कायद्यानेही अपेक्षित आहे. चर्च कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्डाची परवानगी आणि जमिनीच्या मूळ सनदेतील अटी हे प्रकरण वेगळे आहे. त्या बाबतीत कागद आधी काढा, कौले नंतर.

गळतीचे बहुतेक मूळ कौलांत नसते. ते पन्हाळीत, कोन्यांत आणि भिंत छपराला जिथे मिळते त्या सांध्यात असते. वेदीच्या बाजूला पाणी येते म्हणजे बहुधा मुख्य छप्पर आणि बाजूचे छोटे छप्पर यांच्यामधली पन्हाळ तुंबलेली किंवा सडलेली आहे. आंब्याची, पिंपळाची पाने आणि कबुतरांची घरटी मे महिन्यात काढली असती तर कदाचित बादल्या लागल्या नसत्या. लाकडी कैच्या (छपराचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे) जिथे भिंतीवर टेकतात तिथली टोके मात्र टोचून पाहावी लागतात, कारण वाळवी आणि ओल दोन्ही तिथेच सुरू होतात आणि खालून काहीच दिसत नाही. जुने सागवान शाबूत असेल तर ते काढून लोखंड बसवण्याच्या मोहात पडू नका. फक्त सडलेली टोके कापून जोड देता येतो. कौलांखाली जुन्या रीपा बदलणे, फुटकी कौले काढणे, पन्हाळी नव्या करणे एवढ्यावर भागले तर खर्च निम्म्याखाली येण्याची शक्यता आहे. न पाहता आकडा सांगणे योग्य नव्हे, म्हणून सांगत नाही.

उत्सुक वाचक

मी ख्रिस्ती नाही, परंतु आमच्या पेठेतल्या एका देवस्थानच्या विश्वस्त मंडळावर होतो, त्यामुळे धागा आवडीने वाचत आहे. धर्मादाय आयुक्तांची पायरी आम्हांलाही चुकत नाही. एक शंका आहे. सभासद पैसे देतात, श्रम देतात, तर हिशेब मागण्याचा हक्क त्यांना आहे का, की तो केवळ बिशपांनाच द्यायचा असतो?

कॅम्पातला

उत्सुक वाचक, हक्काचा प्रश्न आपण नेमका विचारला. कॅनन संहितेच्या १२८७ व्या कलमात दोन गोष्टी आहेत : दर वर्षीचा हिशेब बिशपांना द्यायचा, आणि श्रद्धावंतांनी जे अर्पण केले त्याचा हिशेब श्रद्धावंतांनाही द्यायचा. दुसरा भाग अनेक पॅरिशांत विसरला जातो. आमच्या पॅरिशमध्ये पूर्वी वर्षातून एकदा, मिस्सेनंतरच्या सूचनांमध्ये, एका दमात सर्व आकडे वाचले जात आणि लोक तोपर्यंत पार्किंगमध्ये पोहोचलेले असत. आता दर तीन महिन्यांनी एक पान फलकावर लागते. आरंभी टीका झाली, नंतर कलेक्शन वाढले.

जाता जाता : क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चसाठी १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी जमीन दिली, ती त्यांच्या फौजेतील कॅथलिक सैनिकांसाठी. म्हणजे पुण्यातल्या चर्चच्या जमिनीचा कागद पहिल्यापासून सरकारदरबारी आहे, असे आम्ही गमतीने म्हणतो.

धागालेखकांना निधीविषयी एक इशारा देतो. काही ठिकाणी ‘एक लाख द्या आणि वर्षभर तुमच्या कुटुंबासाठी रोज मिस्सा’ अशा योजना निघतात. मिस्सेच्या हेतूसाठी दिलेले प्रत्येक अर्पण स्वतंत्र असते, त्यासाठी स्वतंत्र मिस्सा अर्पावी लागते आणि त्याची वेगळी नोंदवही ठेवावी लागते (कलमे ९४८ आणि ९५८). छपराचे दान आणि मिस्सेचे अर्पण एकाच पावतीवर कधीही आणू नका. सौद्याची नुसती छायाही नको.

व्यवहारी

सर्वांची तत्त्वे मान्य आहेत, पण पाऊस तत्त्वे पाहून पडत नाही. साधा मार्ग असा आहे : इमारत धर्मप्रांताची आहे, शाळा ती वापरते, तर शाळेकडून भाडे घ्या आणि ते छपराला लावा. कागदोपत्री सर्व स्वच्छ राहील.

हिशेबनीस

व्यवहारी, आपला मार्ग पूर्णपणे बंद नाही, परंतु तो आपण म्हणता तितका सरळही नाही. जागेचा खरा करार, वाजवी दर आणि दोन्ही संस्थांचे ठराव असतील तर भाड्याला स्थान आहे. तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा असेल तर विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ३६ व्या कलमान्वये धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. परंतु ज्या वर्षी छप्पर गळले त्याच वर्षी अचानक चोवीस लाखांचे भाडे उगवले, तर ‘कागदोपत्री स्वच्छ’ हा शब्दप्रयोग लेखापरीक्षकापुढे फार वेळ टिकत नाही.

त्याऐवजी हॉलकडे पाहा. धर्मप्रांताच्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या मालकीच्या, सर्वांसाठी खुल्या असलेल्या पूजास्थानाच्या आवारातील हॉलचे भाडे दिवसाला १०,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर त्यावर वस्तू व सेवा कराची सूट आहे. १०,००० किंवा अधिक घेतले की ती सूट जाते. मी पाहिलेल्या एका पॅरिशने दर साडेनऊ हजारांवरून बारा हजारांवर नेला आणि या ओळीचा विचारच केला नाही. त्यांची एकूण उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली होती म्हणून निभावले. भाडे, अनामत आणि सफाई यांच्या पावत्या वेगळ्या असाव्यात, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ही अट करारात ठळक असावी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० बंदिस्त हॉलच्या आतल्या वापराला रात्री सूट देतात, पण आवारातल्या मोकळ्या जागेला नाही.

देणग्यांविषयी तीन गोष्टी सांगतो. धार्मिक स्वरूपाच्या संस्थेला दिलेल्या देणगीवर दात्याला सहसा करवजावट मिळत नाही, तेव्हा तसे आश्वासन देऊ नका. दानपेटीतील निनावी दान धार्मिक संस्थेला चालते. मात्र शाळेसाठी म्हणून आलेल्या निनावी देणगीवर कर लागू शकतो. आणि परदेशी राहणाऱ्या नातलगांचे पासपोर्ट विचारा. आखातात नोकरी करणारा भारतीय नागरिक स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवतो ते परकीय योगदान ठरत नाही. ज्याने कॅनडाचे किंवा पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले आहे त्याचे मात्र ठरते, मग तो तुमच्याच गल्लीत वाढलेला का असेना. परकीय योगदान नोंदणीखेरीज घेता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावे लागते. एका नोंदणीकृत संस्थेने ते दुसरीकडे वळवणेही आता बंद आहे.

निवृत्त बाई

दुरुस्तीचे काम शाळा भरलेली असताना चालणार असेल तर एक गोष्ट राहून जाऊ नये. आवारात तीन-चार महिने बाहेरचे कामगार ये-जा करतील, आणि त्याच आवारात मुले, धर्मशिक्षणाचे वर्ग आणि वेदीसेवकांचा सरावही असेल. कामाची जागा पत्रे लावून पूर्ण बंद करा, कामगारांची स्वच्छतागृहे वेगळी ठेवा, आणि कोणत्याही वर्गात किंवा सॅक्रिस्टीत (वेदीजवळच्या तयारीच्या खोलीत) मुलाबरोबर एकटी प्रौढ व्यक्ती नसेल हा नियम फादर, सिस्टर, शिक्षक, कामगार सर्वांना सारखाच लावा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलावरील अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. ‘आधी फादरांशी बोलून पाहू’ या वाक्याला तिथे जागा नाही.

कौलारू

गेले दोन आठवडे लिहू शकलो नाही, कारण आपण सर्वांनी सुचवलेलीच कामे चालू होती. घडले ते क्रमाने सांगतो.

समितीच्या बैठकीत मी हिशेबनीसांचा प्रतिसाद छापून नेला होता (छपाईवाल्याला दुसरे काय सुचणार). ज्येष्ठ सदस्यांनी तो शांतपणे वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले की शाळेचा विषय ते मागे घेत आहेत, परंतु पहारेकऱ्याच्या पगाराचा विषय मात्र आता सोडणार नाहीत. तो खरोखर शाळेकडूनच जातो, हे आम्हांला त्याच बैठकीत कळले. पुढील महिन्यापासून त्याचा दोन सप्तमांश हिस्सा पॅरिश देईल. म्हणजे छपरासाठी पैसे शोधायला गेलो आणि खर्चाची एक नवी ओळ घेऊन परत आलो.

स्वतंत्र अभियंत्यांनी छप्पर पाहिले. सागवानींचा अंदाज पन्हाळीपुरता बरोबर निघाला, पण सहापैकी दोन कैच्यांची पश्चिमेकडची टोके पोखरलेली आहेत. नवा अंदाज साडेअठरा लाखांचा आहे. फादरांनी बिशपांच्या परवानगीसाठी अर्ज पाठवला असून त्याला अर्थसमितीचे लेखी मत आणि दोन दरपत्रके जोडली आहेत. तोपर्यंत पन्हाळी साफ करून संत योसेफाच्या वेदीवर ताडपत्री बांधली आहे.

फलकावर पहिले तिमाही पान मीच मांडून लावले. त्यात ‘पॅरिशचा निधी’, ‘पुढे पाठवायची कलेक्शने’ आणि ‘गरिबांचा निधी’ असे तीन रकाने आहेत, आणि ‘मूळची नगरची’ यांच्या सूचनेप्रमाणे खाली श्रमदानाची यादी आहे, तूर्त रिकामी. दुसऱ्या रविवारी पाहिले तर त्या रिकाम्या यादीत कोणीतरी पेन्सिलीने चार नावे लिहून ठेवली होती. त्यातील दोन सुतार आहेत आणि चौघेही मराठी मिस्सेचे. सागवानी, कैचीच्या टोकांना जोड देण्याचे काम अशा कसलेल्या पण प्रमाणपत्र नसलेल्या सुतारांकडून, अभियंत्यांच्या देखरेखीखाली, करून घेता येते का? आणि जुने सागवान पुण्यात खात्रीने मिळावे यासाठी ते घेताना काय तपासावे?

सागवानी

करून घेता येते, मात्र जोडाचा नकाशा अभियंत्यांच्या सहीचा हवा आणि काम चालू असताना कैचीला खालून टेकू हवा. तो टेकू सुतारांनी ठरवायचा नाही. जुन्या लाकडाच्या वखारीत पाडलेल्या वाड्यांच्या तुळया मिळतात. विकत घेण्यापूर्वी दोन्ही टोके कापून आतला रंग पाहा, खिळ्यांची जुनी भोके मोजा आणि तुळई दोन ओंडक्यांवर आडवी ठेवून मध्ये हातोडीने ठोका. पोकळ आवाज आला तर तशीच परत करा. सुतारांना बरोबर न्या, त्यांचा कान आपल्यापेक्षा चांगला असतो.